वहीत दोनच भाकरी, मग काटा का हलत नाही?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मी काय समजले ते तुम्हाला कळेल. वय ३६, वजन ७८ किलो, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१, गोळ्या अजून सुरू नाहीत. लातूरजवळच्या गावात आठ माणसांचं एकत्र कुटुंब, स्वयंपाक बहुतेक तुमच्याच हातात. डॉक्टरांनी सांगितलं, "काय खाता ते रोज लिहून काढा." तुम्ही पाच आठवडे नेमाने लिहिलं. रोज सकाळी चहा-पोहे, दुपारी दोन भाकरी, भाजी, वरण, चार वाजता चहा, रात्री एक भाकरी आणि थोडा भात; गुरुवारी उपवास. शेतीपंपाची लाइट रात्री असली की मालक दहाच्या पुढे घरी येतात, तोवर तुम्ही जेवायच्या थांबता. पाच आठवड्यांत वजन अर्धा किलोसुद्धा हललं नाही. कॅलरी मोजायचं ॲप घेतलं तर त्यात येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी सापडेना. आणि मालक म्हणतात, "वही लिहून कुठं वजन उतरत असतंय का?"

ते अर्धं बरोबर बोलतात. नुसतं लिहून वजन उतरलं असतं तर आमच्या आडत बाजारातले सगळे मुनीम सडपातळ असते.

पण तुमच्या वहीत काहीतरी राहून जातंय हे तुम्हाला स्वतःलाच जाणवलंय, म्हणून तर तुम्ही विचारलंत. मला जे दिसतं ते असं: तुम्ही ताटात वाढून घेतलेलं तेवढंच लिहिलंय. घरात आठ माणसांचा स्वयंपाक करणारी बाई दिवसभरात जे खाते, त्यातलं बरंचसं ताटात कधी येतच नाही. तुम्ही खोटं लिहिलेलं नाही. ते 'खाणं' आहे असं आपल्याला वाटतच नाही, म्हणून ते लेखणीपर्यंत पोचत नाही.

मी बावीस वर्षं लातुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, पण ही गोष्ट मला माझ्याच ओट्यापाशी कळली. एका वर्षी माझंच वजन सहा किलोनं वाढलं. लोकांना सांगते तशी वही स्वतः लिहायला घेतली. चार दिवस अगदी शहाण्यासारखी वही झाली. पाचव्या दिवशी लेक ओट्याजवळ पाढे म्हणत बसली होती, तिला म्हटलं, मी तोंडात काही टाकलं की कागदावर एक रेघ मार. मी भाकऱ्या थापत होते. पहिली भाकरी टम्म फुगली, तिचा पापुद्रा मोडला, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि कच्च्या तेलाची धार, एक घास. रेघ. वांग्याचं मीठ बघितलं, मग मीठ घालून परत बघितलं. दोन रेघा. कुटासाठी भाजलेले दाणे चोळून पाखडताना सात-आठ दाणे तोंडात, असं सहा वेळा. धाकट्यानं ताटात टाकलेला चतकोर, अन्न वाया कशाला घालवा म्हणून. पातेल्याच्या बुडाशी राहिलेली दोन चमचे भाजी, एवढ्यासाठी वाटी कशाला खरकटी करा म्हणून. जेवायला बसायच्या आधी अकरा रेघा. लेकीनं कागद पुढे केला आणि विचारलं, "आई, आता तू जेवणार नाहीस ना?"

त्या अकरा रेघांचा हिशोब मी नंतर केला. मूठभर दाणे म्हणजे साधारण ३० ग्रॅम, त्याच्या १७० कॅलरी. चतकोर भाकरीच्या सत्तर-ऐंशी. चमचाभर तेलाच्या चाळीसच्या वर. भाजीचे घास वेगळे. एका वेळेला तीनशे कॅलरी, आणि माझ्या वहीत त्यांचा पत्ता नव्हता.

हे फक्त बायकांचं किंवा आपल्याकडचंच आहे असं समजू नका. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापून आला होता. आपण दिवसाला १२०० कॅलरींच्या आतच खातो तरी वजन उतरत नाही, असं ठामपणे सांगणाऱ्या काही लोकांचं खरं खाणं प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं मोजलं गेलं. त्यांनी सांगितलेलं खाणं खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होतं, आणि सांगितलेली हालचाल खऱ्यापेक्षा ५१ टक्के जास्त. त्यांची अंगातली यंत्रणा मंद नव्हती. नोंद गळत होती.

तरीही मी वहीचा आग्रह धरते. २००८ साली अमेरिकेत सुमारे १,७०० लोकांवर झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातले सहा किंवा जास्त दिवस नोंद ठेवणाऱ्यांचं वजन अजिबात न लिहिणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट उतरलं होतं. लिहिणारी माणसं मुळातच जास्त चिकाटीची असतील हा मुद्दा त्यातही उरतोच, आणि मी तो नाकारत नाही. पण इतक्या स्वस्तात मिळणारं दुसरं हत्यार माझ्या पिशवीत नाही.

आता एक माझी चूक सांगते, कारण तुमच्या वहीत मला तिची सावली दिसते. सुरुवातीच्या वर्षांत मी लोकांच्या वह्या लाल पेननं तपासायची. शाळामास्तरणीसारखी. पेढ्याखाली रेघ, भज्याखाली दोन रेघा, समासात प्रश्नचिन्ह. औशाकडची एक बाई यायची. पहिल्या खेपेला तिची वही खरी होती, गिचमिड, मजेदार. मी ती लाल केली. पुढच्या खेपेपासून वही एकदम सोवळी झाली. रोज दोन भाकरी, पालेभाजी, ताक. एकवीस दिवस तेच. मी खुश. मग तारखा बघितल्या तर त्यात येळवस होती, शेतात जाऊन जेवायचा सण. वेळ अमावस्येच्या दिवशी, शेतकऱ्याच्या घरात, आपल्या भागात, पालेभाजी आणि ताक! भज्जी नाही, उंडे नाहीत, अंबील नाही, खीर नाही. मी हसले, तीही हसली आणि म्हणाली, "मॅडम, खरं लिवलं की तुमी लाल करताव, मग कामून लिवावं?" त्या दिवसापासून मी लाल पेन ठेवलेलं नाही.

तेव्हा पहिली अट: पहिले सात दिवस खाण्यात काहीही बदलायचं नाही. चहातली साखर कमी करायची नाही, भात सोडायचा नाही, भज्यांना नाही म्हणायचं नाही. फक्त खरं लिहायचं. वही डॉक्टरांना दाखवायची आहे ही भावना मनातून काढा. दाखवायच्या वहीत माणूस आपोआप शहाणा होतो. जाड पेनानं पहिल्या पानावर लिहून ठेवा की ही वही कुणी तपासणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. हे मला आडत दुकानातल्या एका मुनीमजींनी शिकवलं. साखर वाढली म्हणून आले होते, वय साठीच्या पुढे. मी त्यांना वहीचं सांगायला लागले तर त्यांनी मलाच थांबवलं. म्हणाले, "मॅडम, रोजकीर्द ज्या त्या वेळी लिहायची असती. संध्याकाळी आठवून लिहिली तर ताळा जुळत न्हाई. आन खतावणी निवांत बसून." किती नेमकं! रोजकीर्दीत व्यवहार झाला की नोंद, तिथं विचार करायचा नाही. खतावणीत त्या नोंदी खात्यांवर चढवायच्या, तिथं विचार. मी आजवर वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात खाण्याच्या वहीची पद्धत इतकी सोपी करून सांगितलेली नाही. मुनीमजी स्वतः तेरा दिवसांत शोधून आले की आडतीवर शेतकरी आला की चहा, व्यापारी आला की चहा, सौदा मोडला तरी चहा; दिवसाला नऊ कप. त्यांनी ते नेहमीच्या पद्धतीनं खड्या रेघांनी मांडले होते, चार उभ्या आणि पाचवी आडवी.

तुमची रोजकीर्द ओट्याजवळ हवी. कपाटातली वही रात्रीच उघडली जाते आणि रात्री आपल्याला फक्त ताट आठवतं. मुलांच्या जुन्या वहीचे पाठकोरे कागद सुतळीला बांधा, खिळ्याला अडकवा, पेन्सिल लटकवा. त्यावर एवढंच यायला हवं: किती वाजता, काय, साधारण किती, आणि उभ्यानं की बसून. उभ्यानं खाल्लेल्याचं नाव लिहायचा कंटाळा आला तर नुसती रेघ मारा. हात पिठाचे असतील तर भिंतीवरच्या पाटीवर खडूनं. लिहिता न येणाऱ्या आज्यांना मी वाटीत ज्वारीचे दाणे टाकायला सांगते, तोंडात काही गेलं की एक दाणा. रात्री नातवंडानं मोजायचे. फोनवर फोटो काढणं हाही मार्ग आहे, पण भाकरी भाजता भाजता कोण फोटो काढतंय? तो नोकरदारांच्या डब्याला बरा.

वेळ लिहायलाच हवी, असं मी का म्हणते ते सांगते. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबले. दुपारचं जेवण दीडला, रात्रीचं साडेदहाला. मधे नऊ तास. त्या नऊ तासांत चार वाजताचा एक चहा तेवढा लिहिलाय. पहाटेपासून उभ्या असलेल्या माणसाला नऊ तासांत भूक लागत नाही यावर माझा विश्वास नाही. माझा अंदाज, आणि तो चुकीचा असू शकतो, असा की साडेसात ते साडेदहा या तीन तासांत मुलांना, सासू-सासऱ्यांना वाढताना तुम्ही एक अख्खं जेवण घासाघासानं उभ्यानं जेवता. मग साडेदहाला मालकांबरोबर दुसरं जेवण, रीतसर ताट वाढून. वहीत दुसरं येतं, पहिलं येत नाही.

हे खरं निघालं तर उपाय कॅलरीचा नाही, रीतीचा आहे, आणि तो तुमच्या एकटीच्या हातात नाही हे मला कळतं. नवरा जेवल्याशिवाय बाईनं जेवू नये ही रीत आपल्याकडे अजून आहे. तिच्यात माया असते, मी तिला नावं ठेवत नाही, पण ६.१ च्या आकड्याला ती परवडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या किती तरी जणींनी एक तडजोड केली आहे: साडेसातला मुलांच्या पंगतीत स्वतःचं ताट वाढून, बसून, पोटभर जेवायचं. मालक आले की त्यांना गरम भाकरी करून वाढायची, समोर बसायचं, हातात ताकाचा पेला. सोबत झाली, जेवण झालं नाही. पण आत्ता लगेच हे करू नका. आधी सात दिवस लिहा. माझा अंदाज तुमच्या वहीनं खोडला तर मला आनंदच आहे.

आता मापाकडे येते. ॲपवर तुम्ही चिडलात ते योग्यच आहे. ॲपला येसर माहीत नाही, ही त्यातली छोटी अडचण. मोठी अडचण ही की त्याला 'एक भाकरी' म्हणजे तुमच्या घरची भाकरी केवढी, हे माहीत नाही. आपल्याकडची भाकरी काही ठिकाणी ताटाबाहेर जाते! तेव्हा एकदा माप घ्या. किलोभर ज्वारीचं पीठ वेगळं काढा आणि त्यात किती भाकऱ्या होतात ते मोजा. पुढचा हिशोब सोपा आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३५ कॅलरी. किलोत सोळा भाकऱ्या होत असतील तर एक साधारण २१० ची. दहाच होत असतील तर एक ३३५ ची. म्हणजे वहीत दोघींच्याही 'दोन भाकरी', पण फरक अडीचशे कॅलरींचा, जवळजवळ एका आख्ख्या भाकरीचा. हे माप आयुष्यात एकदाच घ्यायचं, रोज तराजू घेऊन बसायचं नाही. आणि यावरून भाकरी वाईट असा अर्थ काढू नका. ज्वारी सोडून दुकानातल्या डब्यातलं काही खायला लागलात तर मी रागावेन.

दुसरं माप तेलाचं, कारण तेल कुठल्याच वहीत सापडत नाही. ते भाजीत विरघळून बसलेलं असतं. इथं वही बाजूला ठेवा आणि डब्याकडे बघा. नवा डबा फोडला की त्यावर तारीख लिहा, संपला की परत तारीख. समजा १५ किलोचा डबा आठ माणसांत ४५ दिवस गेला. पंधरा हजार ग्रॅम भागिले आठ, भागिले पंचेचाळीस: माणशी रोज ४२ ग्रॅमच्या जवळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जे आहारविषयक मार्गदर्शन काढलं, त्यातल्या दोन हजार कॅलरींच्या ताटात तेल-तुपाला २७ ग्रॅमच्या आसपास जागा आहे. वरच्या पंधरा ग्रॅमच्या दिवसाला १३५ कॅलरी झाल्या. तळणीचं थोडं तेल वाया जातं, लहान मुलं कमी खातात, त्यामुळे आकडा काटेकोर धरू नका. पण डबा ४५ ऐवजी ६० दिवस पुरवायचा असं घरात ठरलं, तर माणशी ३१ वर येतं आणि कुणाच्या ताटातलं काही काढून घेतल्यासारखं वाटत नाही. मिठाचंही तसंच. महिन्याला दोन किलो मीठ आठ जणांत म्हणजे माणशी आठ ग्रॅमच्या वर, आणि हवं पाचच्या आत. सासऱ्यांना बीपी असेल तर हा आकडा त्यांच्या कामाचा.

खतावणी रविवारी. दुपारी भांडी झाली की वीस मिनिटं. सात दिवसांचे कागद पसरा आणि चार खाती पाडा: उभ्यानं खाल्लेलं, साखर, तळलेलं-फरसाण, आणि 'भूक नसताना'. नोंदी त्या त्या खात्यावर चढवा. साखरेच्या खात्यात चहाचे चमचे मांडा. समजा चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे आठ चमचे, ३५ ते ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत असावी म्हणते, आणि २५ च्या आत असेल तर आणखी चांगलं. चौथ्या खात्याबद्दल बायका लाजतात. लाजू नका. भूक नसताना खाण्यामागे बहुतेक वेळा दुसरंच काही असतं: दमणूक, वाट बघणं, दुपारच्या घरात एकटं असणं, कुणाच्या तरी बोलण्याचा राग. कारण सुचलं तर एक शब्द लिहा, नाही सुचलं तर कोरं सोडा.

चार खात्यांत ज्याची बाकी सगळ्यात मोठी, त्या एकालाच पुढचे दोन आठवडे हात लावायचा. बाकीची तीन तशीच चालू द्या. लोक इथं फसतात. एका रविवारी साखर बंद, तळण बंद, भात बंद, आणि बुधवारी सगळं परत सुरू, वहीसकट.

उपवासाचं वेगळं सांगायला हवं, कारण तुमच्या वहीत गुरुवारी नुसतं 'उपवास' लिहिलंय. मला ते वाचून हसू आलं, रागावू नका. शंभर ग्रॅम साबुदाण्याच्या ३५० कॅलरी, ४० ग्रॅम कुटाच्या सव्वादोनशे, तूप तीन चमचे म्हणजे १३५. एक मोठी ताटली खिचडी सातशेला टेकली. वर बटाट्याचा चिवडा, केळं, दोन जादा चहा. उपवास श्रद्धेनं करा, त्यात माझं काही म्हणणं नाही. पण वहीत तो इतर दिवसांपेक्षा जास्त बारकाईनं लिहा. भगर आणि दाण्याची आमटी करत असाल तर तीही वाटीच्या मापानं.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर असतात आणि त्या मी दुरून सांगू शकत नाही. थायरॉईड तपासलंय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचारा. पाळी अनियमित असेल, कशासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, झोप पाच तासांची असेल, तर वही खरी असूनही काटा हट्टानं बसून राहतो. हंगामाचंही तसंच. हुरड्याच्या दिवसांतली वही आणि वैशाखातली वही एका बाईची वाटत नाही. लग्नसराईत तर महिनाभर पंगतीच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यातल्या माझ्याकडच्या वह्यांत पालेभाजी दिसेनाशी झाली होती. निवडून, तीन पाण्यांनी धुवायला पाणी कुठून आणणार? तिच्या जागी फरसाण, पाव, बिस्किटं आली होती. तेव्हा मी एकीलाही भाजी का नाही असं विचारलं नाही. कुणाचीही वही वाचताना आधी त्या घरात पाणी, वेळ आणि पैसा किती आहे ते बघावं लागतं.

काही जणांना मी वही देतच नाही. ज्यांना आधीच प्रत्येक घासाची धास्ती वाटते, खाल्ल्यावर अपराधी वाटून जे उपाशी राहतात किंवा उलटी काढतात, त्यांच्यासाठी ही नोंद म्हणजे जखमेवर मीठ. वाढत्या मुलींच्या हातात तर अजिबात नको; तुमची वही बघून लेक स्वतःचे घास मोजायला लागली तर लगेच थांबवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी वही बघून स्वतःच्या मनानं जेवण कमी करायचं नाही, साखर ७० च्या खाली जाऊ शकते. तुम्हाला गोळ्या नाहीत म्हणून मी इतकं मोकळेपणानं लिहितेय. उद्या सुरू झाल्या तर आधी डॉक्टरांशी बोला.

सासूबाईंबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीय, की त्यांना वाटतं सून घरातल्या खाण्याचा हिशोब ठेवते. ही तक्रार मी दर महिन्याला ऐकते. लपवून लिहिलं की संशय वाढतो. माझ्या एका रुग्ण बाईनं पेन्सिलच सासूच्या हातात दिली. म्हणाली, "आत्या, मी उभ्यानं काय खाल्लं की तुमी रेघ मारा." सासू इतकी तत्पर निघाली की दोन दिवसांत सूनच कंटाळली, पण नोंद एकदम चोख झाली! तुमच्याकडे जमेल की नाही ते तुम्हीच ठरवा.

वजनाचं एवढंच, की रोज काट्यावर उभं राहू नका. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी, काही खाण्यापिण्याआधी. मीठ, पाणी, पाळी यांनी किलोभर इकडचं तिकडं सहज होतं आणि त्यावरून वहीला दोष दिला जातो. तुमचा ६.१ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा आकडा, ५.७ ते ६.४ हा तो पट्टा. अमेरिकेत अशाच उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल २००२ साली आले. वजन सात टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढं ध्येय दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. त्या लोकांनाही खाणं लिहायला लावलं होतं. तुमच्या ७८ किलोचे सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. सहा महिने घ्या, घाई नाही. आणि ही वहीसुद्धा जन्मभराची नाही. पहिले तीन आठवडे रोज, नंतर महिन्यातून तीन दिवस, त्यातला एक रविवार किंवा सणाचा.

तर आता सोमवारी पिठाचं माप घ्या, तेलाच्या डब्यावर तारीख टाका आणि खिळ्याला कागद अडकवा. पुढच्या रविवारी मला दोनच गोष्टी कळवा: किलोत किती भाकऱ्या झाल्या, आणि संध्याकाळी साडेसात ते साडेदहामध्ये किती रेघा पडल्या. कागद नीट उतरवून काढू नका, आहे तसा फोटो पाठवा. त्यावर पिठाचे ठसे आणि तेलाचा डाग असला तर मी समजेन की तो ओट्याजवळच होता.